कलिंगडाचं कमळ कापण्याआधी दोरा बांधा

चैत्रगौर बसली की बडोद्यातल्या वाचक मैत्रिणींचे आराशीबद्दल प्रश्न सुरू होतात. या वेळचे चार.

प्रश्न: कलिंगडाचं कमळ कापते, पण दोन भाग सुटतच नाहीत. ओढलं की पाकळ्या मोडतात. (दांडिया बाजार)

उत्तर: चाकू मध्यापर्यंत पोचत नसणार. आत गर जोडलेला राहतो आणि ओढाताणीत पाकळीचं टोक जातं. लांब, अरुंद पात्याचा चाकू घ्या आणि प्रत्येक तिरका काप थेट गाभ्यापर्यंत खुपसा. दुसरी अडचण म्हणजे कापांची रांग वर-खाली सरकते आणि शेवटचा काप पहिल्याला भेटत नाही. म्हणून फळाच्या बरोबर कमरेला दोरा बांधायचा आणि त्याच्या एक बोट वर, एक बोट खाली अशा चाकूच्या टोकाने आधी खुणा करून घ्यायच्या. फळाखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे ते घरंगळत नाही. माझी आजी याशिवाय चाकू हातात घेऊ द्यायची नाही. बूड सपाट करताना फक्त हिरवी साल आणि थोडा पांढरा भाग काढा. लाल गर दिसला की तिथूनच रस गळून खालचा पाट चिकट होतो.

प्रश्न: सफरचंदाचे हंस करते, पण पाहुण्या येईपर्यंत काळे पडतात.

उत्तर: कापल्यावर फळाच्या पेशी फुटतात, आतल्या एन्झाइमला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि गर तपकिरी होतो. आंबटपणाने ते मंदावतं. वाडगाभर गार पाण्यात अर्धं लिंबू पिळा, काप त्यात दोन-तीन मिनिटं बुडवून निथळून घ्या. केळ्याचे काप मात्र सजावटीला घेऊच नका, अख्खी फणी ठेवा. तीच जास्त शोभते.

प्रश्न: खंडेराव मार्केटमधून आणलेली ताजी फुलं फळांशेजारी रात्रीतून मान टाकतात. फुलं शिळी असतात का?

उत्तर: फुलांना दोष देऊ नका. पिकलेली केळी, सफरचंद, आंबे इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने फळं पिकतात आणि फुलं लवकर कोमेजतात, कार्नेशन तर फारच लवकर. फळं रात्री रचा, फुलं सकाळी खोचा. कण्हेर मात्र फळांजवळ अजिबात नको, तिची पानंफुलं सगळी विषारी असतात. फुलवाल्याकडचा हिरवा फोमही फळांखाली घालू नका. काड्या खोचायला अर्धा बटाटा किंवा अर्धी शक्करटेटी, म्हणजे खरबूज, घ्या. आंब्याची पानं धुऊन, देठाचा चीक पुसून लावा.

प्रश्न: आरास उतरल्यावर फळं वाटली तर चालतात का?

उत्तर: वाटलीच पाहिजेत. इतकं चांगलं फळ कचऱ्यात गेलेलं मला बघवत नाही. अख्ख्या फळांची काळजी नाही. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा एक तासच धरा. म्हणून आरास अख्ख्या फळांची करा: खरबूज, द्राक्षांचे घोस, कैऱ्या, रायणांची (खिरणीच्या फळांची) परडी. कमळ आधी कापून फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिली सवाष्ण दारात आली की गौरीपुढे मांडा. कैरीची डाळ आणि पन्हं देऊन होईपर्यंत ते तिथे असू द्या, मग लगेच फोडी करून वाटा.