हार्वर्ड हेच सगळ्यात श्रीमंत विद्यापीठ आहे का? आणि आपल्या कोकणातल्या कॉलेजांकडे असा निधी का नाही?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. एकूण रक्कम बघितली तर हो, हार्वर्डच पुढे. जून २०२४ अखेर त्यांचा निधी, म्हणजे देणग्यांतून साठलेली आणि गुंतवून ठेवलेली कायमची पुंजी, ५,३२० कोटी डॉलर होता, येलचा ४,१४०, प्रिन्स्टनचा ३,४१०. पण या रकमेला विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागलं की क्रम बदलतो. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी जेमतेम नऊ हजार, त्यामुळे माणशी जवळपास ३८ लाख डॉलर येतात. हार्वर्डला २१-२२ लाख. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठ समूहाकडे तर येलपेक्षाही जास्त पैसा आहे (१९२३ साली त्यांच्या माळरानात तेल लागलं), पण तिथे विद्यार्थीच अडीच लाखांच्या घरात, म्हणून माणशी दोन लाखही पडत नाहीत. अमेरिकेनं २०२५ मध्ये खासगी विद्यापीठांच्या गुंतवणूक-उत्पन्नावरचा कर वाढवला, तोही माणशी निधी बघूनच. २० लाख डॉलरच्या वर असेल त्याला ८ टक्के. श्रीमंती मोजायची तर हीच रीत मला पटते.

शिवाय हा सगळा पैसा हवा तसा उचलता येत नाही. हार्वर्डच्या निधीतला सुमारे ८० टक्के भाग देणगीदारानं सांगितलेल्या कामालाच बांधलेला आहे. कुणी अध्यासनाला (एखाद्या विषयाच्या प्राध्यापकपदाला) दिलेला, कुणी शिष्यवृत्तीला. वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास खर्च करायचे आणि उरलेलं उत्पन्न मुद्दलात घालायचं, असा त्यांचा शिरस्ता. यातला 'मुद्दलात घालायचं' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपलं नेमकं तिथेच अडतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्याकडे ठेवींची एक जुनी वही आहे. 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ, गणितात पहिल्या येणाऱ्यास', 'कै. आईच्या स्मरणार्थ, गरीब विद्यार्थिनीस', अशा पानामागून पान नोंदी. ऐंशीच्या दशकात कुणी पाच हजार ठेवले. तेव्हा दहा टक्क्यांनी वर्षाला पाचशे रुपये यायचे, त्यात एका मुलीची वर्षाची पुस्तकं होऊन वर वह्या यायच्या. आज त्याच पाच हजारांवर सव्वातीनशे-साडेतीनशे येतात. व्याज दरवर्षी पूर्ण वाटलं, मुद्दल तसंच राहिलं, आणि महागाईनं ते आतून पोखरलं. संमेलनात नाव पुकारतात, मुलगी स्टेजवर येते, पाकीट घेते. त्या पाकिटात आता एक गाइडसुद्धा येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कायद्याचाही भाग आहे. आपल्याकडच्या बहुतेक शिक्षण संस्था सार्वजनिक न्यास आहेत. १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३५ नुसार शिलकीचा पैसा मुख्यतः बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. वेगळं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. येलनं १९८५ नंतर आपल्या निधीचे व्यवस्थापक डेव्हिड स्वेन्सन यांच्या हाताखाली खासगी कंपन्या, जमीनजुमला, जंगलं यांत पैसा घातला, तसं आपल्याला जमणार नाही. आणि छोट्या संस्थेनं तसं करूही नये, असं माझं मत आहे.

पण खरी अडचण देणगीच्या सवयीची आहे. मुंबईचा चाकरमानी गावच्या शाळेला मनापासून देतो, नाही असं नाही. पण देतो ते खोलीला, सभागृहाला, कमानीला. नावाची पाटी लागते. पुढे खाऱ्या वाऱ्यानं पत्रे गंजतात, जांभ्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं, आणि दर पावसाळ्याआधी त्या इमारतीचा खर्च संस्थेच्याच गळ्यात. ठेव उत्पन्न देते, इमारत खर्च मागते. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, असे माजी विद्यार्थी गावच्या कॉलेजला मिळायचे नाहीत. पण पाच-दहा हजार देणारे शेकडो आहेत.

तुम्ही एखाद्या संस्थेशी जोडलेले असाल तर दोन गोष्टी धरून बसा. इमारतीसाठी देणगी घेताना तिचा दहावा हिस्सा देखभालीची कायम ठेव म्हणून लिहून घ्या. आणि नव्या प्रत्येक ठेवीच्या पत्रात, व्याजाचा तिसरा हिस्सा दरवर्षी मुद्दलात जमा होईल, हे वाक्य देणगीदाराच्या सहीनिशी घाला. आमच्याकडे याला आधी विरोध झाला, बक्षिसाची रक्कम कमी होते म्हणून. मी तरीही दर सभेत हा विषय काढतो.