दुधाच्या दातामागे नवा दात

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. खालचा दुधाचा दात पडलेला नसतानाच त्याच्यामागे नवा दात दिसू लागला आहे. जुना दात काढून घ्यावा का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : खालचे कायमचे पटाशीचे दात मुळातच दुधाच्या दातांच्या जिभेकडील बाजूस घडतात. ते वर सरकू लागले की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते आणि आधार सुटलेला दात हलू लागतो. पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ दिसत नाही ते यामुळेच. नवा दात जरा मागून आला, तर हे मूळ पुरते विरघळत नाही आणि काही काळ दोन रांगा दिसतात. जुना दात हलत असेल, तर मुलाला तो जिभेने हलवू द्यावा (दोरा बांधून ओढण्याची हौस मात्र आवरावी). तो पडल्यावर जिभेच्या रेट्याने नवा दात बहुधा पुढे सरकतो. दात मुळीच हलत नसेल किंवा दोन-तीन महिन्यांत पडला नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे.

याच सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. दुधाच्या २० दातांत ती मोडत नाही, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही आणि तिला लागलेली कीड ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्षिली जाते.