ट्रिगर बदलू की आधी बोट सुधारू?

प्रश्न: नमस्कार काका, मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. ग्रीन कार्ड आल्यावर ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, जेन ५, म्हणजे पाचव्या पिढीचं. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, आत्तापर्यंत ६०० एक राउंड झाले असतील. प्रॉब्लेम असा की १० यार्डांवरसुद्धा माझ्या गोळ्या खाली डावीकडे जातात. रेंजवरची मंडळी म्हणतात ग्लॉकचा फॅक्टरी ट्रिगर म्हणजे स्टेपलर आहे, बदलून टाक. १५० डॉलरचा एक फ्लॅट, म्हणजे बाक नसलेला सरळ ट्रिगर कार्टमध्ये टाकून ठेवलाय, बायको म्हणते आधी तुमच्या त्या काकांना विचारा. पिस्तूल सध्या घरीच सेफमध्ये असतं पण पुढेमागे सोबत बाळगायचा विचार आहे. ट्रिगर बदलला आणि उद्या कोर्टात जायची वेळ आली तर? मला अरेतुरे केलं तरी चालेल.

उत्तर: सूनबाईंना माझा नमस्कार सांग, १५० डॉलर त्यांनीच वाचवले. निदान सध्यापुरते तरी.

ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलास हेही बरं केलंस. एच-वन-बी वर असलेले बरेच जण इकडे बिनधास्त विचारतात कुठलं पिस्तूल घेऊ, आणि त्यांना माहीतच नसतं की नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. असो.

आता मुद्द्यावर. आपल्याकडे ट्रिगरला घोडा, हॅमरला घोडा, आणि गल्लीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण तुझ्या पिस्तुलात हॅमरवाला घोडाच नाहीये. आत स्प्रिंगवर बसलेला स्ट्रायकर असतो, गोळीच्या बुडावर ठोका मारणारी सुई. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली की तो अर्धवट ताणला जातो, उरलेला ताण तुझं बोट देतं आणि मग तो सुटतो. म्हणजे प्रत्येक वेळी तू थोडी स्प्रिंग ताणतोयस, म्हणून तो ट्रिगर काचेची काडी मोडल्यासारखा कट्कन सुटत नाही, आधी ढिला प्रवास, मग भिंतीला टेकल्यासारखं वाटतं, मग जरा रबरासारखा ताणत सुटतो. स्टेपलर म्हणतात ते यालाच, आणि ते अगदीच खोटं नाही.

पण एक हिशोब करून बघ. फॅक्टरी ट्रिगर ओढायला साधारण साडेपाच पौंड लागतात, म्हणजे अडीच किलो. मॅगझिन काढलेलं तुझं पिस्तूल आहे ६०० ग्रॅमचं. स्वतःच्या वजनाच्या चौपट जोराने तू त्याला एका बोटाने ओढतोस आणि वर अपेक्षा ही की ते जागचं हलू नये! उजव्या हाताचा माणूस ट्रिगर झटक्याने ओढतो तेव्हा बाकीची बोटंही सोबत आवळली जातात, आणि आवाज होणार म्हणून मनगट आधीच खाली दबतं, झालं, गोळी खाली डावीकडे. (तू डावखुरा असशील तर मात्र हे निदान उलटं धर, तू लिहिलं नाहीस.) साडेचार पौंडाचा ट्रिगर लावलास तर हा झटका थोडा कमी दिसेल, जाणार नाही.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी रेंजवर मित्राला मॅगझिन भरायला सांग, मध्येमध्ये दोनतीन डमी राउंड, म्हणजे न उडणाऱ्या नकली गोळ्या, कुठे घातलेत ते तुला न सांगता. खरी गोळी उडते तेव्हा काही कळत नाही कारण धक्क्यात सगळं झाकलं जातं, पण डमी आली की नुसता टक आवाज येतो आणि तुझं नळीचं तोंड खाली डुबकी मारताना तुलाच दिसतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी डुबकी एवढी होती की शेजारच्या लेनमधला माणूस हसला. तोपर्यंत मीही छातीठोकपणे ट्रिगरलाच शिव्या घालत होतो.

मग घरी ड्राय फायर कर, म्हणजे गोळी न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव. पिस्तूल रिकामं, चेंबरमध्ये बोट घालून तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत, आणि स्लाइडवर पुढे एक रुपयाचं नाणं ठेव. ट्रिगर सुटला तरी नाणं पडता कामा नये. दहातली दहा वेळा जमायला मला महिनाभर लागला होता, रोज दहा मिनिटं. त्यातच फॅक्टरी ट्रिगर घासून घासून आपोआप मऊ होतो हा वरचा फायदा.

एवढं करूनही दोनतीन हजार राउंडनंतर तुला वाटलं की नाही, आता ट्रिगरच आडवा येतोय, तर बदल, मी नाही म्हणणार नाही. काही पिस्तुलांचे ट्रिगर खरंच वाईट होते. स्मिथ अँड वेसनचं पहिलं एम अँड पी आठव, ट्रिगर रिसेट झाला, म्हणजे पुढच्या गोळीसाठी परत जागेवर आला, की नाही ते बोटाला कळायचंच नाही, त्यावर बाहेरचे ट्रिगर विकणाऱ्या एपेक्सवाल्यांचं दुकान जोरात चाललं, मग २०१७ मध्ये कंपनीनेच २.० मॉडेलमध्ये तो सुधारला. उलट वॉल्थरच्या पीडीपी पिस्तुलाचा मुळातच छान असलेला ट्रिगर कुणी बदलायला निघाला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. ग्लॉकने स्वतःच आता जेन ५ साठी फ्लॅट परफॉर्मन्स ट्रिगर काढलाय, बदलायचाच असेल तर माझ्या मते तिथून सुरुवात कर. फ्लॅट ट्रिगर हलका वाटतो त्यात जादू काही नाही, बोट जरा खाली बसतं आणि तरफ लांब होते, एवढंच.

मात्र हलका या शब्दात लोक गल्लत करतात. ओढायला हलका वेगळं आणि ट्रिगरचा तुकडा वजनाला हलका वेगळं. सिग कंपनीच्या पी ३२० पिस्तुलाची गोष्ट तुला माहीत असेल, त्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्येच, लक्षात आलं की विशिष्ट कोनात खाली पडलं तर ते उडू शकतं. कारणात एक भाग असा की पिस्तूल जमिनीवर आपटून थांबतं पण ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे जात राहतो, जणू कुणी ओढलाच. कंपनीने फुकट अपग्रेड दिलं, त्यात ट्रिगर वजनाला हलका केला होता. तुझ्या ग्लॉकच्या ट्रिगरच्या मधोमध जी बारीक पाती आहे ती नेमकी यासाठीच आहे, बोट नसेल तर ट्रिगर मागे जाऊ द्यायचा नाही. आता कुणी बाहेरचा छान चकचकीत धातूचा ट्रिगर बसवतो, प्रवास कमी करायला आतले भाग घासतो, तेव्हा तो याच कुलपांशी खेळत असतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

माझाही एक किस्सा ऐक. मी कुठल्याशा किटमधली हलकी स्ट्रायकर स्प्रिंग घातली होती, ट्रिगर काय लोण्यासारखा झाला, सगळ्यांना ओढून दाखवत फिरलो. मग क्लबच्या मॅचमध्ये तिसऱ्या टार्गेटवर टक. गोळी काढून बघितली तर प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडाशी ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीवर, नखाने दाबल्यासारखा उथळ खड्डा. स्प्रिंग हलकी म्हणजे स्ट्रायकरचा ठोकाही हलका, आणि कडक प्रायमर मग पेटत नाही. मॅचमध्ये फक्त नंबर गेला. त्या संध्याकाळी जुनी स्प्रिंग परत घातली, किट अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.

म्हणून सोबत बाळगायचं पिस्तूल असेल तर माझं मत फॅक्टरी ट्रिगरच. पॅन्टमधल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल परत घालताना शर्टाचं टोक नाहीतर जॅकेटची नाडी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, अडकते, तुझ्या ग्लॉकला अंगठ्याची सेफ्टी नाही, तिथे तो एक जास्तीचा पौंड आणि थोडा लांब प्रवास तुझ्या बाजूने असतो. जड ट्रिगर म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नकोस हं. न्यूयॉर्क पोलिसांनी वर्षानुवर्षं १२ पौंडांचा ट्रिगर वापरला, तरी २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या एका अंधाऱ्या जिन्यात नवख्या पोलिसाकडून गोळी सुटली आणि एक निरपराध तरुण गेला. बोट आत होतं, वजनाने काय होणार.

कोर्टाचं विचारलंस. स्वसंरक्षण खरं असेल तर नुसत्या ट्रिगरवरून कुणी तुला जेलमध्ये टाकेल असं मला वाटत नाही, पण गोळी चुकून सुटली असा आरोप झाला आणि सिव्हिल दावा लागला तर समोरचा वकील पहिलं हेच विचारणार, काहो, फॅक्टरीने दिलेला तुम्ही हलका का करून घेतलात? नीट उत्तर टेक्सासमधल्या वकिलाकडून घे, मी वकील नाही. मॅच खेळायची हौस असेल तर पुढे दुसरं पिस्तूल घे आणि त्याच्यावर काय ते प्रयोग कर. कार्टमधले १५० डॉलर सध्या गोळ्यांवर घाल.

प्रश्न: ड्राय फायरने पिस्तूल खराब होतं असं आमचे मिस्टर म्हणतात, खरं का? (न्यू जर्सीहून)

उत्तर: ताई, पॉइंट टू टू, म्हणजे बारीक गोळीचं पिस्तूल असेल तर मिस्टर बरोबर आहेत, त्यात सुई चेंबरच्या काठावर आपटू शकते. आजकालच्या ९ एमएमला सहसा काही होत नाही, मॅन्युअल एकदा बघा. खूपच करणार असाल तर डमी घालून करा.

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात १० मीटर एअर पिस्तूल खेळते. ट्रिगर ६०० ग्रॅमवर आहे, मैत्रिणींचे ५०० वर आहेत म्हणून तिलाही कमी करून हवाय. करू का?

उत्तर: ५०० ग्रॅम ही किमान मर्यादा आहे, त्याखाली गेला की तपासणीत अडकलाच. तपासणीला नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवून उचलतात, तेव्हा नेमका ५०० ला लावलेला ट्रिगर कधीकधी दगा देतो. ५२० च्या आसपास ठेवा. आणि पुढे तिला २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळायचं असेल, आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये ज्यात गोल्ड घेऊन आली ते, तर तिथे किमान १००० ग्रॅम लागतात, म्हणजे बोटाला जड ट्रिगरची सवय मोडू देऊ नका. काय बदलायचं ते कोचला विचारून, आणि मॅचच्या आठवड्यात अजिबात नाही.