लेकीसाठी स्काऊट-गाईड पथक निवडताना

ताई, लेक ९ वर्षांची म्हणजे आता बुलबुल, म्हणजे लहान मुलींचा विभाग. १० पूर्ण झाली की गाईड. म्हणून दोन्ही विभाग चालू असलेलंच पथक बघा, नाहीतर वर्षभरात पुन्हा शोधाशोध. गणवेश आणि संचलन बघून भुलू नका. एखाद्या शनिवारी न सांगता जाऊन बसा आणि गाठी कोण शिकवतंय ते बघा. आमच्याकडे संघनायिका, म्हणजे मुलींच्या छोट्या गटाची प्रमुख, १३ वर्षांची पोर, धाकटीच्या हाताला हात न लावता तीच गाठ चारदा सोडून पुन्हा बांधायला लावते. मॅडम लांब उभ्या. माझ्या मुलाच्या पहिल्या पथकात मात्र वर्षभर फक्त २६ जानेवारीची कवायत झाली. पोरगं कंटाळून घरी बसलं, मला फार वाईट वाटलं. आणि हो, शिबिरात रात्री मुलींसोबत बाई मुक्कामाला असतात का, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका.