साडेआठ हजारांचा क्रँकसेट हप्त्यांवर घ्यावा का?

दारव्हा तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न असा आहे: नोकरीसाठी रोज सायकलनेच जाणे-येणे होते. सायकल सात वर्षांची असून मागच्या चाकावर आट्यांनी बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच) आणि पुढे पेडलांजवळ तीन चेनव्हील (दातेरी चकत्या) आहेत. बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा एक्सल ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग) खिळखिळी झाली असून मिस्त्री चौकोनी एक्सलची नवी सीलबंद बीबी मजुरीसह १,२०० रुपयांत बसवून देतो. त्याऐवजी रोड सायकलचा ११ स्पीडचा (मागे ११ गिअर असलेल्या सायकलीसाठीचा), दोन चेनव्हीलचा, पोकळ एक्सलचा क्रँकसेट (पेडलांचे दांडे म्हणजे क्रँक आणि चेनव्हील यांचा संच) बीबीसह ८,५०० रुपयांना मिळतो आहे. त्यासाठी १,५५० रुपयांचे सहा हप्ते करावेत, की १४ महिने चाललेली पोस्टाची दरमहा १,५०० रुपयांची आवर्त ठेव मोडावी?

ठेवीचा प्रश्न आधी निकाली काढू. पोस्टाची आवर्त ठेव पाच वर्षांची असते आणि ती तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. बारा हप्ते भरून झाल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मात्र मिळते आणि त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. आपल्या बाबतीत ही रक्कम १०,५०० रुपयांपर्यंत जाते. दुकानाच्या हप्त्यांचे एकूण ९,३०० रुपये होतात, आणि आपण कळवलेले १९९ रुपयांचे प्रक्रिया शुल्क १८ टक्के जीएसटीसह धरले तर मूळ किमतीवर सुमारे १,०३५ रुपये जास्त जातात. मुद्दल दरमहा कमी होत जाते हे लक्षात घेतल्यास हा व्याजदर वर्षाला ४० टक्क्यांच्या वर पडतो. कर्ज काढायचेच असेल, तर पोस्टाचे काढावे.

परंतु माझ्या मते ते काढण्याचे कारणच नाही. फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिची रुंदी आपण ७३ मिमी लिहिली आहे. इंग्लिश म्हणवल्या जाणाऱ्या आट्यांच्या नळ्या प्रामुख्याने ६८ आणि ७३ मिमी अशा दोन रुंदींच्या असतात, आणि २४ मिमी पोकळ एक्सलचे रोड क्रँक ६८ मिमीच्या नळीसाठी घडवलेले असतात. त्यांचा एक्सल ७३ मिमीच्या नळीत अपुरा पडतो. माउंटन सायकलचे त्याच पद्धतीचे क्रँक मात्र वॉशर कमी-जास्त करून दोन्ही रुंदींत बसतात. ‘सगळ्या सायकलींना बसतो’ हे विक्रेत्याचे आश्वासन त्यामुळे आपल्या फ्रेमपुरते तरी खरे नाही. जुन्या बीबीची बाहेर आलेली कड धरून माप घेतले गेले असेल, तर नळी ६८ मिमीचीही निघू शकेल. म्हणून बीबी काढल्यावर फक्त नळी पुन्हा मोजावी.

नळी ६८ मिमीची निघाली, तरी खर्च ८,५०० रुपयांवर थांबेल असे मला वाटत नाही. ११ स्पीडची चेनव्हील सुमारे साडेपाच मिमी रुंदीच्या चेनसाठी असतात, तर आपल्या सात गिअरची चेन सात मिमीहून रुंद आहे. गिअर बदलताना ती घासणार, मग चेन, मागचे गिअर, शिफ्टर (गिअर बदलण्याची कळ) अशी एकेक खरेदी मागे लागणार. आणि आटे असलेल्या फ्रीव्हीलच्या जागी कॅसेट (आट्यांऐवजी सरकवून बसवायचा गिअरचा संच) हवी असेल, तर मागचा हबही (चाकाचा मधला भाग) बदलावा लागतो. सात वर्षांच्या सायकलीवर एवढी रक्कम घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय या क्रँकचे बेअरिंग नळीबाहेर, उघड्यावर असतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून रोज जाणाऱ्या माणसाने याचाही विचार करावा.

तेव्हा १,२०० रुपयांची दुरुस्ती चालू पगारातूनच करावी आणि ठेवीचा हप्ता चुकवू नये. वडिलांच्या कापसाचे पैसे येतील तेव्हा पाहू, असे आपण लिहिता. तो पैसा आधी पीककर्जाचा आहे, असे मी धरून चालतो.

नवी बीबी मागवताना जुनीवर छापलेली मापे तशीच कळवावीत, उदाहरणार्थ ७३ × ११३. दुसरा आकडा एक्सलच्या लांबीचा असतो. तो बदलला तर चेनची रेषा सरकते आणि गिअर नीट पडत नाहीत. बीबीची चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. काळ्या सायकलींच्या कॉटर पिना हातोडीने ठोकून काढण्याची सवय असलेल्या मिस्त्रीला हे सांगून ठेवलेले बरे, कारण आटे बिघडले तर नुकसान फ्रेमचे होते. क्रँक ओढून काढण्याचे आणि बीबी खोलण्याचे खास पाने त्याच्याकडे नसतील, तर सायकल यवतमाळला नेण्याचे भाडे सोसावे. बसवल्यानंतर आठवडाभराने दोन्ही क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. ते सैल राहिल्यास ॲल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक झिजते आणि मग क्रँकही नवाच घ्यावा लागतो.