राजीनामा आधी की भिरंडांचा हंगाम?

प्रश्न: वय ४८. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत २० वर्षं ७ महिने नोकरी झाली. वाळपईजवळ घर आहे, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) भिरंडाची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. नोकरी सोडून पत्नीसोबत सोलं (वाळवलेली सालं), आगळ (खारवलेला रस) आणि सरबताचा धंदा करायचा विचार आहे. मला मधुमेह आहे, घरकर्जाचे चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर: राजीनाम्यापासून तर नक्कीच नाही. तुमच्या पत्रात धंद्याबद्दल बरंच आहे, आरोग्य विम्याबद्दल मात्र एक शब्दही नाही. पहिलं काम तेच. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. नंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलात, तर मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे गट विम्यात काढलेला काळ हिशेबात धरला जातो. शिवाय गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलेलं नसेल तर काढून घ्या. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे. मोठ्या आजारपणाला ते एकटं पुरणार नाही, पण हाताशी असावं.

आता हातात येणारा पैसा. ग्रॅच्युइटीचा हिशेब घरीच करता येतो: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा बेरीज ३१,२०० आहे, तर एका वर्षाचे १८,००० झाले. वरचे ७ महिने पूर्ण वर्ष धरले जातात, म्हणून २१ वर्षं, म्हणजे ३,७८,००० रुपये. हा पैसा धंद्यात घालू नका. उरलेल्या हप्त्यांसाठी बाजूला ठेवा. पगाराची स्लिप बंद झाली की बँक वेगळ्या नजरेने बघायला लागते, आणि नव्या धंद्याला दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. कर्जाची मुदत किंवा हप्ता बदलून घ्यायचा असेल तर तेही पगार चालू असतानाच.

पीएफची पेन्शन पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येते, पण ५८ पूर्ण व्हायला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात होते, आणि ती कायमची. गरज नसेल तर हात लावू नये.

धंद्याची परीक्षा नोकरीत राहूनच घ्या. कोकमाचा हंगाम साधारण एप्रिल-मेचा, तेव्हा साठलेली रजा काढा आणि २०० किलो फळावर काम करा. फळ घरचं असलं तरी बाजारभावाने खर्चात धरा. तोडणीची मजुरीही धरा, ती हमखास विसरली जाते. ओलं फळ, निघालेली सालं आणि वाळलेली सोलं यांचं वजन प्रत्येक टप्प्यावर लिहून ठेवा. किलोमागे खरा खर्च किती, ते याच वहीतून कळेल.

सोलांसाठी साल उन्हात वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे चार-पाच हात द्यावे लागतात. आगळासाठी १० किलो सालांना साधारण १.६ किलो मीठ, रोज हलवून सात दिवस. मीठ कमी पडलं की आगळ आंबतं. सरबताला एक किलो सालाला दोन किलो साखर, थरावर थर घालून सात दिवस. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नका, आंबट रस धातूला खातो. स्टील, काच किंवा चिनीमाती चालेल. सगळ्यात जास्त नासाडी मेच्या अखेरीस होते. वळवाच्या एका सरीने अर्धवट वाळलेल्या सोलांवर बुरशी धरते, म्हणून शेवटची खेप मेच्या मध्यालाच वाळत घालावी.

खरा पेच मात्र पैसा कधी येतो याचा आहे. सोलं पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीत, पावसाळ्याआधी हातोहात जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती वजनावर घेणारं गिऱ्हाईक आहे. सरबताच्या बाटल्या घेणारी हॉटेलं आणि पर्यटक येतात ऑक्टोबरनंतर. म्हणजे साखर, बाटल्या आणि मजुरीत मेमध्ये घातलेला पैसा डिसेंबरपर्यंत अडकतो. पगार नसताना हे सहा-सात महिने घर कशावर चालणार, याचं उत्तर आकड्यात लिहून काढा. ते जमत नसेल तर पहिली दोन वर्षं सोलं आणि आगळ यांवरच राहावं, असं आमचं मत आहे.

अन्नसुरक्षा नोंदणी ऑनलाइन होते; मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. लघुउद्योगासाठीच्या उद्यम नोंदणीला शुल्क नाही, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते सरकारी संकेतस्थळ नव्हे. माल पाकीटबंद करून विकणार असाल तर सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. ही गोष्ट बहुतेकांना दुकानदाराने माल परत केल्यावर कळते.

आणि एक खास आपल्या गोव्यातली बाब. गोव्याच्या नागरी कायद्याखाली लग्न झालं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पगार सोडून इतर उत्पन्न आयकरासाठी पती-पत्नीत निम्मं-निम्मं विभागलं जातं. १९६१ च्या आयकर कायद्यात (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू) ते कलम ५अ होतं. आजवर तुमचं उत्पन्न पगाराचं, म्हणून याचा विचार करावा लागला नाही. उद्या धंद्यात ६ लाख नफा झाला तर ३ लाख तुमच्या आणि ३ लाख वहिनींच्या नावावर. त्यांचं पॅन कार्ड आणि विवरणपत्र आत्तापासून तयार असू द्या, आणि पगारदारांचा साधा सहज फॉर्म दोघांनाही चालणार नाही हे लक्षात ठेवा. घर किंवा कुळागर तारण ठेवायची वेळ आली तर त्यांची संमती लागेलच, तेव्हा हिशेबाच्या वहीवर पहिल्या दिवसापासून दोघांनी बसावं.

प्रश्न: वय ४४, नववी पास. मुलं मोठी झाली. आता दहावी, मग पदवी करून कमवायचं आहे. उशीर झाला का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: शिकायला नाही. पण पदवीची वाट बघून मग कमवायचं ठरवलंत, तर हिशेब लांबतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी मराठी माध्यमातून करता येते, वरच्या वयाची अट नाही, पाच विषय आणि ते सोडवायला पाच वर्षांपर्यंत मुदत. त्यानंतर बारावीचं प्रमाणपत्र दोन वर्षांच्या अंतराशिवाय मिळत नाही, आणि इग्नूच्या बी.ए.ला किमान तीन वर्षं. कुठे अडलं नाही तरी सहा वर्षं गेली.

म्हणून ताई, दोन्ही बरोबर चालवा. आयटीआयमधला शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आठवी पासवर मिळतो, म्हणजे तो तुम्हाला आजही खुला आहे. जवळच्या आयटीआयत जागा आहे का, हे जूनच्या आत जाऊन विचारा. दहावीचे दोन विषय पहिल्या परीक्षेला द्या, उरलेले तीन पुढच्या. पाचही एकदम घेणारे गणिताशी अडखळतात आणि सगळंच सोडून देतात.

प्रश्न: वय ५२. खाणीसाठी दोन ट्रक घेतले होते. २०१२ ला धंदा थांबला, पुन्हा सुरू झाला तर २०१८ ला परत बंद. आता घराशेजारी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधाव्यात का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: नव्या बांधू नका. घरातल्याच दोन खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं स्वच्छतागृह, एवढ्यावर एक हंगाम बघा. मये तळं पाहायला येणारा बराचसा पर्यटक संध्याकाळी किनाऱ्याकडे परततो. मुक्कामाला राहणारं गिऱ्हाईक आधी दिसू दे. पाहुणे ठेवण्याआधी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. आणि उभा राहून गंजलेला ट्रक भंगारात काढणार असाल, तर वाहतूक खात्यात त्याची नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी वितळली तरी कर चढतच राहतो.