विज्ञान-तत्त्वज्ञानाने वास्तववादी नाटक नेमकं कसं घडवलं?

'डार्विन, मार्क्स, फ्रॉइड' ही नावं पाठ आहेत, पण त्यांचा नाटकाशी संबंध कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. फ्रॉइड आधी खोडा. त्या मनोविश्लेषकाचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं तोवर वास्तववादी नाटकाचा मोठा नॉर्वेजियन लेखक इब्सेन याचं बहुतेक लेखन उरकलं होतं. उलट १९१६ मध्ये फ्रॉइडच इब्सेनच्या एका नायिकेचं मन उलगडत बसला होता.

डार्विन मला कळला तो खुर्ची पाडताना. कॉलेजात असताना सदाशिव पेठेतल्या एका हॉलवर आम्ही इब्सेनच्या 'घोस्ट्स'च्या (१८८१) तालमी करायचो. मी बॅकस्टेजला. पहिल्या अंकाच्या शेवटी आतल्या खोलीत खुर्ची पडते, मोलकरीण दबक्या आवाजात 'सोडा मला' म्हणते आणि बाहेर मिसेस आल्विंग पांढरीफटक पडते. तेच शब्द तिने कधीकाळी ऐकलेले असतात, तेव्हा आत तिचा नवरा होता. आता मुलगा आहे, आणि ही पोरगी त्याच जुन्या मोलकरणीची!

यातली मेख अशी की बापाचं वारं लागू नये म्हणून मिसेस आल्विंगने मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारासच घराबाहेर धाडलेलं. म्हणजे संगतीचं कारण इब्सेनने आधीच बाजूला काढलं, प्रयोगशाळेत काढतात तसं. मागे उरलं रक्त, आणि त्यातून मुलाला आलेला बापाचा गुप्तरोग. जुन्या शोकांतिकेत जिथे दैव असायचं तिथे आता आनुवंशिकता आली, डार्विनचा ठसा तो हाच.

आमच्यातला मेडिकलचा मुलगा कुरकुरला, "अरे, गरमी (सिफिलिस) बापाकडून थेट पोराला होत नाही, आधी आईला लागण व्हावी लागते." बरोबर होतं त्याचं. दिग्दर्शक म्हणाला, "प्रयोग झाल्यावर सांग."

फ्रेंच कादंबरीकार झोलाने हीच पद्धत शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नारच्या प्रायोगिक वैद्यकावरच्या पुस्तकातून (१८६५) उचलली: अमुक माणूस अमुक परिस्थितीत ठेवा आणि बघा. माणूस परिस्थितीने घडतो हे एकदा मानलं, की रंगवलेल्या पडद्यावर भागत नाही, खोली खरी लागते. पॅरिसमध्ये दिग्दर्शक आंत्वानने १८८८ मध्ये खाटकाच्या दुकानासाठी खरं मांस टांगलं होतं! आपल्याकडे हे वारं ठळकपणे आलं ते १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'मधून, तेही एका नॉर्वेजियन नाटकावरून.

तत्त्वज्ञानात इंग्रज विचारवंत मिल विसरू नका. त्याचं स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं पुस्तक डॅनिश समीक्षक ब्रँडेसने १८६९ मध्येच डॅनिशमध्ये आणलं. इब्सेनचं 'डॉल्स हाउस' त्यानंतर दहा वर्षांनी आलं. मार्क्स, म्हणजे पैसा माणसाला कसा बांधतो ते, ओळखायचा असेल तर त्यातल्या नायिकेने, नोराने, कर्ज काढताना सही कुणाची ठोकली ते बघा. बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नव्हतं, म्हणून तिने जामीन म्हणून बापाची खोटी सही केली.

पेपरात खुर्ची आधी लिहा, डार्विन मग.